जुना लॅपटॉप, नवी सिस्टीम: कोकणातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

गणपतीला नाहीतर मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात तेव्हा बऱ्याचदा बरोबर एक जुना लॅपटॉप असतो, ऑफिसने नवीन दिला, हा इथे पोरांना अभ्यासाला राहूदे. तो लॅपटॉप मग वर्ष दोन वर्षं रडतखडत चालतो आणि शेवटी माळ्यावर जातो. दापोली असो की वेंगुर्ला, गोष्ट हीच. विंडोज १० बंद झाल्यापासून असे प्रश्न जास्तच यायला लागलेत म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून काढतोय. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की मशीन धडधाकट असताना फक्त सिस्टीम (म्हणजे विंडोजसारखं मूळ सॉफ्टवेअर) जुनी झाली म्हणून भंगारात देऊ नका, आणि आतलं सामान बाहेर काढल्याशिवाय काहीही पुसू नका.

विंडोज १० बंद झालं म्हणजे काय? माझा लॅपटॉप तर चालू होतोय.

चालू होणारच. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने त्याचे फुकटचे सिक्युरिटी अपडेट थांबवले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. ती जरूर घ्या, पण तो वेळ तयारीसाठी वापरा. विंडोज ७ चे अपडेट तर जानेवारी २०२० मध्येच संपले, ८.१ चे जानेवारी २०२३ मध्ये, त्या मशीनवर बँकेचं काम करत असाल तर आजच थांबवा.

मग सरळ विंडोज ११ टाकूया की.

होत असेल तर टाका, माझा काही विरोध नाही. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट ही चालू होतानाची सुरक्षा तपासणी लागते, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. २०१७ च्या आधीचे लॅपटॉप बहुतेक इथेच गळतात. ह्या अटी चुकवून टाकायच्या युक्त्या दुकानवाले करून देतात, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील ह्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ ह्या आवृत्तीपासून तर खूप जुन्या प्रोसेसरवर, म्हणजे कोअर टू ड्युओ वगैरे, ते सुरूच होत नाही. वर ४ जीबी रॅमवर विंडोज ११ म्हणजे मुलांच्या संयमाची परीक्षा. म्हणून अशा मशीनसाठी मी विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टीम सुचवतो, फुकट आहे, कायदेशीर आहे, क्रॅक शोधत फिरायला लागत नाही.

माझा लॅपटॉप फार जुना आहे, चालेल का?

दोन गोष्टी बघा. पहिली, प्रोसेसर ६४ बिट आहे का. विंडोजमध्ये सेटिंग, सिस्टीम, अबाउट इथे लिहिलेलं असतं, त्यातली ‘सिस्टीम टाईप’ची ओळ पूर्ण वाचा कारण कधीकधी प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि त्यावर विंडोज ३२ बिट टाकलेलं असतं. दुसरी, रॅम. ४ जीबी असेल तर आरामात, ८ असेल तर मजा, २ असेल तर हलकी सिस्टीम टाकून लिहिणं, वाचणं, मेल एवढं होतं, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडायची अपेक्षा ठेवू नका. निव्वळ ३२ बिट मशीन असेल तर आता पर्याय आटत चाललेत, लिनक्सच्या प्रकारांपैकी उबंटूने ते केव्हाच सोडलं, डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. अँटीएक्स हा एक पर्याय अजून आहे. पण खरं सांगायचं तर अशा मशीनवर फार वेळ घालवू नये असं माझं मत.

लिनक्सचे इतके प्रकार आहेत, कुठला घेऊ?

लिनक्स मिंट. नवीन माणसाला मी दुसरं काही सांगतच नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, विंडोज वापरलेल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. मिंट २२ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली आणि २२ च्या सगळ्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत अपडेट आहेत. त्यात सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई असे तीन अवतार मिळतात. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्या, ४ असेल तर एक्सएफसीई. त्याहून हलकं हवं असेल तर लुबंटू. घरात सगळं काम ब्राउझरमध्येच चालत असेल तर गुगलचं क्रोम ओएस फ्लेक्स पण आहे, पण त्यात प्ले स्टोअरचे ॲप चालत नाहीत आणि नेट नसलं की हात बांधल्यासारखे होतात, आपल्याकडे जूनमध्ये नेटचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

सिस्टीम बदलली की लॅपटॉप फास्ट होईल ना?

थोडा होईल. पण खरा फरक हवा असेल तर एसएसडी टाका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण आधी नको म्हणतो. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्डडिस्क असते, तिच्यातली सुई तबकडीवर इकडून तिकडे पळत फाईली शोधते आणि तुम्ही वाट बघत बसता. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाहीच, त्यामुळे मिनिट दोन मिनिटं चालणारं बूटिंग काही सेकंदांवर येतं. अडीच इंची साटा एसएसडी मागायची, २४० किंवा २५६ जीबी घरगुती वापराला भरपूर झाली. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मागचे चार-सहा स्क्रू काढले की हार्डडिस्क समोरच असते, काही मॉडेलमध्ये मात्र पूर्ण उघडावा लागतो, त्यामुळे आधी तुमच्या मॉडेलचा व्हिडिओ बघा. डीव्हीडी ड्राईव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी, म्हणजे हार्डडिस्क बसवायची चौकट, लावता येते आणि जुनी हार्डडिस्क त्यात बसते, कॅडी घेताना जाडी मोजा, ९.५ आणि १२.७ मिलीमीटर अशा दोन येतात.

रॅम वाढवायची असेल तर जुनी काढून तिच्यावरचं लिहिलेलं वाचा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्याच, पण एल वाली १.३५ व्होल्टवर चालते आणि काही लॅपटॉपना तीच लागते. कणकवली, चिपळूण, रत्नागिरीत दुकानात नेऊन दाखवलं तर बरोबर देतात, ऑनलाईन मागवणार असाल तर फोटो काढून ठेवा.

लॅपटॉप दोन पावसाळे माळ्यावर पडून होता. लगेच चार्जिंगला लावू?

नको. थांबा. आधी बॅटरी बघा. टचपॅड वर आलाय का, खालचं झाकण फुगलंय का, लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतोय का. ह्यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगलेली आहे, तिला चार्ज करायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही. काढता येण्यासारखी असेल तर काढा, आतली असेल तर दुकानदाराकडून काढून घ्या. बहुतेक जुने लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या ॲडॅप्टरवर चालतात.

मग आपली खारी हवा. समुद्राला लागून घर असेल, गुहागर, मालवण, हर्णै कुठलंही, तर यूएसबीच्या आणि चार्जिंगच्या तोंडाशी हिरवट पांढरं काहीतरी धरलेलं असतं. सुक्या मऊ ब्रशने झाडा, पाणी किंवा ओलं फडकं नाही. पंख्यात धूळ आणि बुरशी मिळून बोळा बसलेला असतो, तो काढल्याशिवाय मशीन तापणार आणि तुम्ही दोष देणार नव्या सिस्टीमला. शक्य असेल तर त्याच वेळी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. एक दोन दिवस कोरड्या जागी, पंख्याखाली राहूदे, मग चालू करा. आणि नंतरसुद्धा पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवलेला लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवलेल्यापेक्षा चांगला टिकतो, कारण आतली उष्णता ओल धरू देत नाही. ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आतले फोटो, कागदपत्रं जातील का?

‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडलात तर सगळं जाईल. म्हणून हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि ह्याला मी घाई करू देत नाही. बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राईव्हवर कॉपी करा, आणि कॉपी झाल्यावर दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसता फोल्डर दिसतोय म्हणजे फाईली उघडतायत असं नाही. लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट घेतात पण डाउनलोड विसरतात, सातबारा, मार्कशीट, विम्याच्या पावत्या सगळ्या तिथेच पडलेल्या असतात. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क बाहेर काढा. फोनवरून कधीकाळी लॅपटॉपवर टाकलेले फोटो, गावच्या लग्नांचे, शिमग्याच्या पालखीचे, आता गेलेल्या माणसांचे, हे परत मिळत नाहीत हो, जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात घराघरांतून किती आणि काय गेलं ते आपण बघितलंय. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, त्यातली एक मुंबई-पुण्याच्या नातेवाईकाकडे असली तर उत्तम.

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. काही लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते, ती आधी लिहून ठेवा.

देवस्थानचे जुने हिशोब श्रीलिपीत टाईप केलेत. ते लिनक्सवर उघडतील?

फाईल उघडेल, अक्षरं नाही कळणार. जुने श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव हे फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत) नाहीत, आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की सगळी इंग्रजीची खिचडी दिसते. त्यामुळे विंडोज पुसण्याआधी असे सगळे कागद पीडीएफ करून ठेवा, ती दिसायला कायम बरोबर राहील. फॉन्टच्या फाईली विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून कॉपी करून घ्या. ज्या फाईलींवर पुढेही काम करायचंय त्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण मग एकदा डोळ्याखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे होतात. आकडे तर दोनदा तपासा.

गावात नेट धड नाही, एवढी मोठी फाईल कशी उतरवू?

फाईल साधारण ३ जीबीची असते. मिंटच्या साईटवर टॉरेंटचा पर्याय आहे, तो वापरा, मध्येच रेंज गेली तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं, आणि हे टॉरेंट पूर्ण कायदेशीर आहे. नाहीतर सगळ्यात सोपं म्हणजे मुंबईहून कोणी येतंय त्याला सांगा, पेनड्राईव्ह तयार करूनच आण, तुतारीने की कोकणकन्येने येऊदे. फाईल उतरल्यावर साईटवर दिलेला चेकसम, म्हणजे फाईल पूर्ण उतरली का ते तपासायचा आकडा, जुळवून बघा. अर्धवट उतरलेली फाईल इन्स्टॉल होताना मध्येच दगा देते आणि माणसाला वाटतं लॅपटॉपच खराब आहे.

पेनड्राईव्हवर नुसती फाईल कॉपी केली, बूट होत नाही.

नुसती कॉपी करून नाही चालत, ती रुफस किंवा बलेना एचर ह्या प्रोग्रॅमने ‘लिहावी’ लागते. ८ जीबीचा पेनड्राईव्ह पुरतो, त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. रुफसमध्ये पेनड्राईव्हच्या मांडणीची एक निवड असते, एमबीआर की जीपीटी. २०१२ नंतरचा, विंडोज ८ बरोबर आलेला लॅपटॉप असेल तर जीपीटी, त्याआधीचा असेल तर एमबीआर.

मग लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेन्यूचं बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, असूसला एस्केप, एसरला एफ१२ पण एसरच्या काही मॉडेलमध्ये हा मेन्यू आधी बायोसमध्ये (सिस्टीमच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावा लागतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपला बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात पिन घातली की मेन्यू येतो. सरळ विंडोजच चालू होत असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप मशीन पूर्ण बंदच करत नाही.

इन्स्टॉल न करता आधी बघता येतं का?

येतं, आणि बघाच. पेनड्राईव्हवरून बूट केलं की मिंट तिथूनच चालतं, हार्डडिस्कला हातही लागत नाही. अर्धा तास वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, टचपॅड, ब्राईटनेसची बटणं, झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतोय का, घरचा प्रिंटर दिसतोय का. पेनड्राईव्हवरून थोडं हळू चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज करू नका. इथे सगळं चाललं की इन्स्टॉलनंतरही चालणार, आणि काही अडलं तर अजून काहीच गमावलेलं नाही.

इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली तर?

बॅटरी ठीक असेल तर काही होत नाही. बॅटरी मेलेली असेल तर इन्स्टॉल अर्धवट राहतं आणि परत पहिल्यापासून करावं लागतं, मशीन त्याने मरत नाही. धोका असतो तो दुसरी सिस्टीम ठेवून पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, साईज बदलत असताना, तेव्हा लाईट गेली तर आधीचा डेटा अडकू शकतो. म्हणून मेलेल्या बॅटरीचं मशीन असेल तर ॲडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाईनवर लावा. इन्व्हर्टर नसेल तर भर पावसात हा उद्योग नको. एसएसडी असेल तर पूर्ण इन्स्टॉल अर्ध्या तासाच्या आत होतं, सकाळची वेळ बघून बसा. वळवाचे ढग आले, गडगडायला लागलं तर प्लग काढा, आणि राउटरची लॅन केबल लावली असेल तर तीही काढा, वीज त्या वाटेनेही येते.

विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकता येईल?

येईल, ड्युअल बूट म्हणतात, चालू करताना कुठलं हवं ते विचारतं. आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ५० जीबी तरी जागा मोकळी करा, फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटा मोड (मशीन डिस्कशी बोलतं ती पद्धत) इंटेल आरएसटी किंवा रेड वर आहे का बघा, तो एएचसीआय लागतो, पण विंडोज ठेवायचं असेल तर हे न विचारता बदलू नका, विंडोज बूट व्हायचं थांबतं. ड्युअल बूटनंतर कधीकधी विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं, कारण लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्समध्ये एक सेटिंग बदललं की जुळतं.

वायफायच दिसत नाही!

ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड असेल तर हे नेहमीचं. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं. मग मेन्यूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो सुचवेल तो ड्रायव्हर टाका, रिस्टार्ट. झालं.

साईट उघडत नाहीत, ‘सुरक्षित नाही’ म्हणतं.

तारीख बघा. माळ्यावरच्या लॅपटॉपचा आतला छोटा बटणसेल संपलेला असतो आणि घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं, मग साईटची सर्टिफिकेट जुळत नाहीत. तारीख नीट करा, आणि सेल बदलून घ्या, स्वस्त असतो, बऱ्याचदा सीआर२०३२.

मराठी टाईप करता येतं का?

छान येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठी निवडा, इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आहेत. मोबाईलवर टाईप करतो तसं इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी हवं असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. अक्षरं बारीक वाटली तर नोटो किंवा मुक्ता हे फॉन्ट घाला, वाचायला फार सुंदर आहेत. पूर्ण मेन्यूसुद्धा मराठीत करता येतो, थोडे शब्द इंग्रजी राहतात. घरातल्या मोठ्या माणसांसाठी मी मराठीच ठेवायला सांगेन.

टॅली, डिजिटल सिग्नेचर, आंब्याच्या बिलाची एक्सेल?

एक्सेलच्या साध्या शीट लिब्रेऑफिस ह्या फुकट ऑफिस प्रोग्रॅममध्ये उघडतात, पेटी, डझन, भाव, वाहतूक असला हिशोब बिनधास्त चालतो. शीटमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असतील तर भरवसा नाही. टॅली, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन ह्यावर तुमचं पोट असेल तर त्या मशीनवर विंडोजच ठेवा, उगाच हौस नको. शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबारा, बँक, होमस्टेचं बुकिंग हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, त्याला काही अडत नाही.

प्रिंटर?

एचपी आणि एप्सनचे बहुतेक लगेच लागतात. कॅननचा एलबीपी २९००, जो गावागावात झेरॉक्सच्या दुकानात आहे, तो लिनक्सवर त्रास देतो. तो असेल तर इन्स्टॉलच्या आधीच विचार करा.

अँटिव्हायरस कुठला टाकू?

घरगुती वापराला गरज नाही. सॉफ्टवेअर फक्त मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, इंटरनेटवर कोणी लिहिलेली कमांड न समजता टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) चिकटवू नका, आणि खाली ढालीचं चिन्ह येईल तेव्हा अपडेट करा. पहिला अपडेट मोठा असतो, तो चांगल्या नेटवर करा. मिंटमधला टाईमशिफ्ट हा प्रोग्रॅम चालू करून ठेवा, अपडेटने काही बिघडलं तर आदल्या दिवसाच्या अवस्थेत परत जाता येतं, पण ते सिस्टीमपुरतं, तुमचे फोटो त्यात धरलेले नसतात.

काढलेल्या जुन्या हार्डडिस्कचं काय करू?

लगेच फॉरमॅट करू नका. यूएसबीची केस मिळते, त्यात घाला, वर तारीख आणि ‘जुना लॅपटॉप’ असं लिहा आणि निदान पुढच्या गणपतीपर्यंत तशीच ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच, एखादा दाखला, कोणाचा तरी फोटो, आणि ते आठवतं सहा महिन्यांनी. नंतर कोणाला द्यायची झाली तर नुसतं डिलीट न करता पूर्ण पुसून द्या. फुगलेली बॅटरी मात्र कचऱ्यात किंवा परसात टाकू नका, नवी बॅटरी घ्याल त्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडेच जाऊदे, आणि तोपर्यंत घराबाहेर, पाऊस लागणार नाही अशा जागी, पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ठेवा.